मशीनचा कौल

आकाराम खोटं बोलत नसे, यात त्याचं कर्तृत्व काहीच नव्हतं. त्याला ते जमतच नसे. दुर्दैव असं, की खरं बोलतानाही त्याचा चेहरा चोराचाच दिसायचा. चारचौघांत कुणी नुसतं "आकाराम, कवा आलास?" विचारलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि तळहातांना घाम सुटायचा. बनाबाईला बघायला गेला तेव्हा तर मांडीवरचा टॉवेल पिळून काढावा इतका ओला झाला होता. त्याच्या आधी आलेल्या स्थळांनी विहीर, बागायत, पुण्याची नोकरी असं काय काय सांगून ठेवलं होतं. आकारामानं घाम पुशीत सांगितलं, की घर पावसाळ्यात गळतं, दोन म्हशींतली एक भाकड आहे आणि आई जरा तोंडाळ आहे. बनाबाईनं तिथंच मनाशी पक्कं केलं. "ह्यांच्या हाताला घाम आला की समजायचं, गडी खरं बोलाय लागलाय," हे तिचं तेव्हापासूनचं म्हणणं होतं, आणि ते एकदाही चुकलं नव्हतं.

हा घाम गावालाही ठाऊक होता, तो सासनकाठीमुळं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या डोंगरावर जातात. फेटे, निशाणं बांधलेला तो उंचच्या उंच वेळू नाचवत न्यायचा, आणि आकारामाच्या गावात तो धरायचा मान त्याच्या घराण्याचा. ओल्या हातातून काठी निसटू नये म्हणून तो उचलण्याआधी खाली वाकायचा आणि देवळापुढची माती तळहातांना चोळायचा. लोक हसायचे. पण एकदा का काठी त्याच्या हातात चढली, की हसणारेच "चांगभलं" म्हणून गुलाल उधळायचे. वर्षातले बाकी सगळे दिवस आकाराम जरा वाकून चालायचा. त्या दिवशी मात्र त्याचा कणा काठीइतकाच ताठ असायचा. त्याच्याकडं मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

असा हा माणूस गावच्या दूध संस्थेचा संचालक झाला तो विजयसिंहदादांच्या कृपेनं. गाव उचगावच्या पलीकडं, हायवेच्या कडेला. विजयसिंहदादा संस्थेचे चेअरमन, आणि ते चेअरमन नव्हते असा काळ गावात फारसा कुणाला आठवत नव्हता. त्यांना मंडळात हात वर करणारी माणसं लागत आणि आकारामाचा हात पटकन वर जायचा. नऊ संचालकांत पाच दादांचे: स्वतः दादा, त्यांचा पुतण्या उदयसिंह, महिलांच्या राखीव जागेवरच्या चिमणाबाई, जेवणाचे दर्दी बाळासो आणि आकाराम. उरलेले चार अमरसिंहाकडचे. अमरसिंह म्हणजे कालपर्यंत दादांच्या गाडीचं दार उघडणारा, आणि आज त्या गाडीतच बसायला निघालेला.

चेअरमनपदाची निवडणूक लागली तशी रीतीप्रमाणं दादांनी आपली माणसं जोतिबावर नेली. आपल्याकडं निवडणूक संविधानानं होते हे खरं, पण भरवसा गुलालावर असतो. पाचही जणांनी देवापुढं गुलाल उचलला: मत फोडणार नाही, फोडलं तर देव बघून घेईल. आकारामानं गुलाल उचलला तेव्हा त्याच्या तळहाताचा घाम लागून त्याचा चिखल झाला. मग दोन दिवस पन्हाळ्यावर मुक्काम, एका वाटीत तांबडा रस्सा, दुसरीत पांढरा, मोबाईल सगळे उदयसिंहाच्या पिशवीत. परतताना उदयसिंहानं गाडीत एकेकाच्या कानात सांगितलं, की शिक्का कुठल्या नावावर मारायचा. दादांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. चेअरमनला मत कसं द्यायचं हे कोण शिकवणार?

मतपेटी उघडली आणि अमरसिंह पाच विरुद्ध चारनं निवडून आला. दादांच्या पाचांतलं एक मत फुटलं होतं.

देवाला विचारून उपयोग नव्हता. देव बघून घेईल, पण कधी, याची तारीख तो देत नाही. दादांना नाव हवं होतं, तेही यात्रेच्या आत. तेव्हा उदयसिंहानं शहरातून मशीन आणवलं.

मशीनबरोबर दत्तप्रसाद नावाचा एक गृहस्थ आला. गळ्यात टाय, हातात लॅपटॉपची बॅग, आणि कार्डावर 'सत्यशोधन सल्लागार' असं छापलेलं. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होता. पाण्यातली घाण काढता काढता तो माणसांतली काढायला लागला. छातीला पट्टा, दंडाला बीपी बघतात तसली पिशवी, बोटांना चिमटे. श्वास, नाडी आणि घाम मोजून हे पॉलिग्राफ यंत्र खऱ्याखोट्याचा निकाल देतं, असं त्यानं सांगितलं.

"कोर्टात चालतं का वो ह्ये?" चिमणाबाईंनी विचारलं.

"कोर्टात चालत नाही," दत्तप्रसाद म्हणाला, "पण समाजात चालतं."

हे मात्र तो अगदी खरं बोलला.

दादांच्या बंगल्यातल्या हॉलमध्ये रविवारी दुपारी खुर्ची मांडली. चाचणीला बसायचं ते प्रत्येकानं स्वखुशीनं, हे उदयसिंहानं आधीच स्पष्ट केलं. जो स्वखुशीनं बसणार नाही तो गद्दार. बाहेर अंगणात निम्मं गाव जमलं होतं, कारण उदयसिंहानं सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं: 'आज दूध का दूध, पाणी का पाणी.' दूध संस्थेच्या माणसानं असलं काही लिहू नये, पण लिहिलं.

 मत आकारामानं दादांनाच दिलं होतं. शिक्का चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून मारताना त्यानं श्वास रोखला होता. त्याला भीती मताची नव्हती. निकालाच्या दिवशीच गावात ठरलं होतं, की ज्यानं जोतिबाचा गुलाल उचलून मत फोडलं, त्याच्या हाताला सासनकाठी लावू द्यायची नाही. बाकीच्या चौघांना याचं काय? त्यांचा काठीशी संबंध गुलाल उधळण्यापुरता. ही तलवार लटकत होती ती एकट्या आकारामाच्या डोक्यावर.

आधी जेवण झालं. दारी आलेल्या माणसाला उपाशीपोटी मशीनवर बसवणं दादांच्या घराण्याला शोभलं नसतं. मग लोकांपुढं आदर्श म्हणून पहिले स्वतः दादा बसले. दत्तप्रसादनं विचारलं, "आपण अमरसिंह यांना मत दिलंत का?" दादा गरजले, "न्हाय." पडद्यावरची रेघ जागची हलली नाही. "शंभर टक्के सत्य," दत्तप्रसाद म्हणाला. खिडकीपाशी उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

उदयसिंहाला मशीन लावलं नाही. तो घरचाच.

बाळासोंनी मटणाचं तिसरं वाढप घेऊन खुर्चीत अंग टाकलं होतं. पट्टा आवळेपर्यंत त्यांचा डोळा लागला. दत्तप्रसादनं प्रश्न विचारला, बाळासो झोपेत "हूं हूं" म्हणाले आणि मशीननं दाखवलं, की इतका शांत, इतका निर्मळ माणूस त्याच्या आजवर पाहण्यात नाही. बाळासो निर्दोष सुटले. चिमणाबाईंची तऱ्हा निराळी. "फक्त हो किंवा नाही म्हणा," असं चार वेळा सांगूनही त्या म्हणायच्या, "तुझं लगीन झालंय का रं बाळा? आई काय करती?" शेवटी दत्तप्रसादच्याच कपाळाला घाम आला आणि त्यानं 'अनिर्णित' लिहून त्यांची सुटका केली, किंवा स्वतःची.

मग आकाराम.

चिमटे बोटांना लावले तर ते घामानं निसटून खाली पडले. पुसून पुन्हा लावले. दत्तप्रसादनं सुरुवातीला सोपा प्रश्न विचारला, "तुमचं नाव आकाराम?"

"व्हय," आकाराम म्हणाला. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आपटली.

"आज रविवार आहे?"

"हाय की." रेघ पुन्हा वर.

"तुम्ही अमरसिंह यांना मत दिलंत का?"

"न्हाय वो, जोतिबाची आण. म्या दादांस्नीच दिलं." रेघ इतकी नाचली, की दत्तप्रसादनं लॅपटॉप जरा मागं सरकवला. त्यानं टाय नीट केला आणि गंभीर आवाजात जाहीर केलं, की हा इसम पूर्णपणे असत्य बोलत आहे. इसमाचं नाव आकाराम आहे हेसुद्धा मशीनला मान्य नव्हतं, पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. खिडकीतनं 'गद्दार' हा शब्द आत आला आणि मग अंगणभर पसरला; त्या गलक्यात आतलं पुढचं काही बाहेर ऐकू गेलं नाही.

दादा उठले. रागानं त्यांच्या मिशा थरथरत होत्या, आणि तो राग अगदी मनापासूनचा होता.

"आकाराम, लाज वाटू दे मर्दा. तुला काय शिकिवलंतं मी? वरच्या नावावर शिक्का मारायचा. एवढी एकच गोष्ट. संपतराव उभा ऱ्हायला, हणमंतराव उभा ऱ्हायला, कवाबी वरचं नाव म्हंजे आपलं नाव. मी जन्मभर कागदाकडं न बघता वर शिक्का मारत आलो. परवासुदिक तसाच मारला, डोळं झाकून. आन् तुला त्येवढं जमलं न्हाय?"

 चिमणाबाईंनी पदर सावरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "यंदा वर अमरसिंहाचं नाव हुतं की वो, दादा. ह्या तुमच्या उदयनंच गाडीत सांगितलं आमास्नी, यंदा खालचं नाव म्हणून. अ वरनं अमरसिंह, मग खाली व वरनं विजयसिंह."

 दादांना चष्मा लागून बरीच वर्षं झाली होती, पण बॅनरवरच्या फोटोत वय दिसतं म्हणून ते तो लावत नसत. त्यांनी एकदा उदयसिंहाकडं बघितलं, एकदा दत्तप्रसादकडं. उदयसिंहानं पटकन खिडक्या लावून घेतल्या.

"पर मशीननं तर काका खरं बोलत्यात म्हटलंय," तो म्हणाला.

"ते खरंच बोलत होते," दत्तप्रसाद घाईघाईनं म्हणाला. "म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणं. मशीन चुकत नाही."

त्याचंही बरोबरच होतं. मशीनला मत दिसत नाही, माणूस किती बिनघोर आहे तेवढं दिसतं. आणि दादांइतका बिनघोर माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. चुकून आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलेला माणूस खुर्चीत बसून निर्मळ मनानं दुसऱ्याचा पाय शोधत होता.

"मग झालं की," चिमणाबाई म्हणाल्या. "आकारामला सोडा घरला. म्हशी थांबल्यात त्येच्या."

पण इतकं सोपं कुठलं असायला? बाहेर निम्मं गाव उभं होतं. त्यांना काय सांगणार, की दादांना दादांनीच पाडलं? अमरसिंहानं पेढे पुन्हा वाटले असते. पुढच्या साली पॅनेलवर कुत्रं उभं राहिलं नसतं. दादा खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि बोलायचं काम पुतण्यावर सोपवलं. मोठी माणसं असल्या वेळी खिडकीबाहेर बघतात, ती खिडकी बंद असली तरी.

उदयसिंह आकारामाशेजारी खुर्ची ओढून बसला. आवाज एकदम मायेचा. "तात्या, इचार करा. तुमी न्हाय म्हणून बसलासा, तर मशीन म्हणतंय तुमी लबाड. गावानं ऐकलंय. काठी गेली. आन् तुमी व्हय म्हटलासा, चुकलं म्हटलासा, तर काका मोठ्या मनानं माफ करत्यात. काकांनी माफ केलं म्हंजे गावानं केलं. काठी तुमच्याच हातात. कसं करायचं बोला."

"पर म्या फोडलं न्हाय मत," आकाराम म्हणाला.

"ते आमास्नी म्हाईत हाय की. म्हणून तर तुमास्नी सांगाय लागलोय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," चिमणाबाई पुटपुटल्या. पण त्यांचा मुलगा दादांच्या शाळेत शिक्षक होता, त्यामुळं त्यांचं पुटपुटणं पदरातच राहिलं. बाळासो एव्हाना जागे झाले होते आणि काय चाललंय ते कळूनही पुन्हा डोळे मिटून बसले होते.

आकारामाला आजा आठवला, बाप आठवला, काठी हातात चढताना उठणारं ते चांगभलं आठवलं. खरं बोलावं तर काठी जाते. काठी ठेवायची तर खोटं बोलायचं, तेही देवाचा गुलाल उचलून. त्याला रडू आलं. पण रडलं तर मशीन आणखी काय म्हणेल, याचा भरवसा नव्हता. कुणी तरी त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दार ठेवलं होतं आणि आता कुठल्याही दारानं गेलं तरी खड्डाच होता. हे कळल्यावर त्याची भीती एकदम संपली. भिण्यासारखं काही उरलंच नाही.

"लावा मशीन," तो म्हणाला.

खिडक्या उघडल्या. दत्तप्रसादनं पट्टे बांधले. या वेळी बोटांचे चिमटे एकदाही निसटले नाहीत.

"तुम्ही अमरसिंह यांना मत दिलंत का?"

"व्हय. म्याच फोडलं मत."

रेघ सरळ. पट्टीनं आखल्यासारखी सरळ. दत्तप्रसादनं लॅपटॉप खिडकीकडं वळवून गावाला दाखवला. "शंभर टक्के सत्य," तो म्हणाला आणि त्याला स्वतःलाही इतकं समाधान आजवर कधी झालं नसेल. दादा वळले, त्यांनी आकारामाला मिठी मारली आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. काकांचं मन किती मोठं यावर उदयसिंहानं पाच मिनिटं भाषण केलं.

आकाराम घरी पोचला तेव्हा बनाबाई धार काढायला म्हशीखाली बसली होती. बातमी त्याच्याआधी शेजारणीच्या मोबाईलवरनं घरात आली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुमी मत फोडलासा म्हणं?"

"व्हय."

ती उठली. लुगड्याला हात पुसून तिनं त्याचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला. कोरडा ठणठणीत.

"खोटं बोलायलासा," ती म्हणाली.

तो गोठ्यातल्या दगडावर बसला आणि सगळं सांगितलं. वरचं नाव, खालचं नाव, उदयसिंहाची माया, सगळं. सांगता सांगता त्याचे कान लाल झाले आणि बोटांच्या पेरांवरनं घाम ठिबकायला लागला. बनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं आदळआपट केली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मघाच्या त्या कोरड्या हातानं काठी धरणार व्हय तुमी?"

आकाराम उठून म्हशींना वैरण टाकायला लागला. यात्रेपर्यंत नवराबायकोत त्यावर पुन्हा शब्द झाला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

यात्रेला डोंगर माणसांनी फुलला होता. आकारामाच्या गावची काठी देवळापुढच्या पटांगणात आली. दादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुढं उभे होते, आपण माफ केलेला माणूस सगळ्यांना नीट दिसावा म्हणून. गुलालाची पिशवी धरून बाळासो उभे होते. ते आकारामाला म्हणाले, "तात्या, माती घ्या आन् उचला."

आकारामानं हात बघितले. कोरडे होते. माती घ्यायला तो वाकला नाही. मग त्यानं शिखराकडं तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत मोठ्यानं बोलला.

"देवा, म्या त्या दिवशी खोटं बोललो. मत म्या फोडलं न्हाय. म्या दादांस्नीच दिलंतं."

आजूबाजूची हलगी थांबली. गावकरी एकमेकांकडं बघू लागले. दादांच्या चेहऱ्यावरचं माफ करणं क्षणभर ढळलं, पण लगेच जागेवर आलं. ते हसले. "आरं, मशीन काय खोटं बोललं व्हय? सगळ्या गावानं रेघ बघितलीया की."

"व्हय की," लोक म्हणाले. "आमी डोळ्यांनी बघितलीया."

"आन् आता त्येचं हात बगा," उदयसिंह म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. आकारामाचे दोन्ही तळहात घामानं निथळत होते. कान लालभडक. इतकी वर्षं तो घाम बघून हसणाऱ्या गावाला आता घामाचा अर्थ शास्त्रोक्त समजला होता. "बगा बगा," मागनं कुणी तरी म्हणालं, "खोटं बोलला की कसा घाम फुटतोय. बरोबर सांगत हुता तो टायवाला." कुणाला त्याचा राग आला नाही. दादांनी माफ केलेलंच होतं. एकानं तर कीव येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बायकांच्या घोळक्यात बनाबाई उभी होती. ती कुणाशी काही बोलली नाही. त्याच्या हातांकडं बघत होती फक्त, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

आकाराम खाली वाकला. त्यानं मूठभर माती घेतली, दोन्ही ओल्या तळव्यांना नीट चोळली आणि काठी उचलली.